मेस्त्रीमामा, ड्रॉवर आता पावसातही उघडतोय

मेस्त्रीमामांना,
स. न. वि. वि.

तुमचे आभार तोंडावर मानता येत नाहीत, हे आख्ख्या वडगावला माहीत आहे. कुणी सुरुवात केली की तुम्ही ‘होय की, असू दे’ म्हणून चष्मा पुसायला लागता आणि बघता बघता विषय पावसावर नाहीतर कुंद्याच्या भावावर जातो. म्हणून लिहूनच टाकते, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. माझ्याकडं ब्लाऊज टाकायला येणाऱ्या बायका माप देता देता टेबलाचा ड्रॉवर ओढून आतली लाकडी कप्प्यांची जाळी बघतात आणि ‘हे कुणाकडनं करून घेतलं?’ म्हणून विचारतात. करून घेतलं नाही, मामांनी माझ्याकडनंच करवलं, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

शिवणाच्या ड्रॉवरचे हाल शिवणाऱ्यालाच ठाऊक. हुकांची पुडी फुटलेली, बॉबिनचा दोरा सुटून लेसमध्ये गुंतलेला, १६ नंबरची सुई १४ च्या पाकिटात आणि सगळ्यावर खडूचा चुरा. बाजारात प्लास्टिकचे ट्रे मिळतात, पण ते आजकालच्या फर्निचरच्या मापाचे. आमचं टेबल सासऱ्यांच्या वेळचं. ड्रॉवर आतून १६ इंच रुंद, १४ इंच खोल, ४ इंच उंच. ट्रे बसवला तरी कडेला चार बोटं जागा उरायची आणि सुया नेमक्या तिथं जाऊन पडायच्या.

तुम्ही आलात ते खिशात दोन पातळ पट्ट्या घेऊन. मी टेप पुढं केला तर म्हणालात, ‘ठेव की तो बाजूला. आतल्या कोपऱ्यात टेप वाकतोय, तिथंच एक सूत जातंय.’ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन्ही पट्ट्या एकावर एक धरून ड्रॉवरमध्ये घातल्या, एक डावीकडं आणि एक उजवीकडं सरकवत नेली. दोन्ही टोकं भिंतींना टेकल्यावर मधोमध अंगठ्यानं घट्ट दाबलं आणि दोन्हींवरून पेन्सिलची एक रेघ मारली. झालं माप. आकडा नाही, वाचायला चुकायचा प्रश्न नाही. बाहेर काढून रेघेला रेघ जुळवली की तीच लांबी सरळ लाकडावर उतरवायची. मग तेच मागच्या बाजूला केलंत आणि मला दाखवलंत: पुढच्यापेक्षा मागं चांगलं एक सूत कमी. कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरप्या पट्ट्या धरल्या तर दोन्ही कर्णसुद्धा सारखे नाहीत. ‘चौकोनी पेटी जगात कुठं नसती बघ,’ असं म्हणून तुम्ही चहा मागितलात.

खरी हुज्जत पुढं झाली. मोबाईलवर बघितलेले एकसारखे वीस चौकोन माझ्या डोक्यात होते. तुम्ही तरुण भारतचा अंक जमिनीवर पसरून सगळा ड्रॉवर त्यावर पालथा केलात. रोज लागणारं एका ढिगात, आठवड्यातून कधीतरी लागणारं दुसऱ्यात, आणि ‘हे कशाला ठेवलीयंस?’ म्हणून तिसरा ढीग. तो सगळ्यात मोठा झाला, हे इथं लिहायला नको होतं. मग विचारलंत, ‘कात्री कधी चौकोनात झोपती काय?’ त्यावर मी काय बोलणार! म्हणून पुढं पूर्ण रुंदीची एक मोकळी गल्ली ठेवली. तिच्यात कात्री, खुणेचं चाक आणि फूटपट्टी. मागं कप्प्यांची जाळी. पुढच्या ओळीत हुक, बटणं, बॉबिन, सुया आणि सगळ्यात मागं सणासुदीलाच लागणारी जर, टिकल्या, लटकन.

लाकूड तुमच्याकडचंच. शहापुरात पाडलेल्या एका घराच्या तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी छताच्या, सागवानी फळ्या. जुन्या फळीत मोडलेले खिळे लपलेले असतात आणि एक जरी लागला तरी रंध्याचं पातं बाद होतं. तुम्ही डोळे बारीक करून शोधत होतात. मी सांडलेल्या टाचण्या गोळा करायचा लोहचुंबक आणून फळीवरून फिरवला. दोन ठिकाणी तो चिकटला. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त चुंबक हातात घेऊन उलटसुलट करून बघितलात. माझ्या लेखी ते शाबासकीपेक्षा कमी नव्हतं. फळ्यांच्या कडेचा पांढरट भाग मात्र तुम्ही निर्दयपणे काढून टाकायला लावलात. सागाच्या गाभ्याला सहसा कीड लागत नाही, पण त्या पांढऱ्याला भुंगा लागतो आणि मग त्याची पिठी कापडावर पडते.

वखारीतून दोन सूत जाडीच्या, अडीच इंच उंचीच्या पट्ट्या चिरून आणल्या. खाचांचं काम इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. उभ्या, म्हणजे पुढून मागं जाणाऱ्या, पट्टीला खालून सव्वा इंच, आडव्या पट्टीला वरून सव्वा इंच खाच घ्यायची आणि एकीत एक बसवायची. खिळा नाही, फेविकॉल नाही. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी तुमचे नियम इथं लिहून ठेवते. एकाच मापाच्या पट्ट्या एकत्र आवळून खाचा एकदमच कापायच्या, म्हणजे पुढंमागं होत नाहीत. खाचेची रुंदी फूटपट्टीनं मोजायची नाही, त्याच पट्टीचा उरलेला तुकडा उभा धरून दोन्ही बाजूंनी चाकूच्या टोकानं ओरखडा काढायचा. करवत ओरखड्याच्या आतल्या अंगानं चालवायची. मधला तुकडा पटाशीनं उडवताना अर्धा या बाजूनं, अर्धा त्या बाजूनं, नाहीतर पलीकडची कड फुटते. आणि पट्टीच्या अगदी टोकाला खाच घ्यायची नाही, तिथलं लाकूड तुटून येतं. म्हणून आमच्या उभ्या पट्ट्यांची अर्ध्या इंचाची शेपटं गल्लीत डोकावतात. दिसायला मला ती आधी खटकली होती. आता त्यांना टेप अडकवते. जाळी पुढं सरकू नये म्हणून दोन कोपऱ्यांत बोटभर ठोकळे तेवढे टेकवले आहेत.

पण मामा, हे पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. मला सगळं गच्च बसलेलं हवं होतं, फट नको. तुम्ही भर उन्हाळ्यात, लाकूड कोरडंठाक असताना, प्रत्येक ठिकाणी खेळ, म्हणजे हलायला जराशी जागा, ठेवायला लावलात. टोकांना नखाएवढा, खाचेत कागद सरकेल एवढा. मी नाक मुरडलं तेव्हा म्हणालात, ‘ब्लाऊजला तू सैल धरतीस की नाही? हे पण श्वास घेतंय.’ आणि समजावून सांगितलंत, की पावसाळी हवेनं लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, वाढतं ते रुंदीत आणि जाडीत. आमचा ड्रॉवर दर पावसाळ्यात का आवळायचा, याचा उलगडा तेव्हा झाला. बाजूच्या फळ्या उंचीत फुगायच्या आणि वरच्या चौकटीला घासायच्या. टोकांचा खेळ पेटी वाकडी म्हणून, खाचेतला खेळ पट्टी जाड होते म्हणून. हेच काम पावसात केलं असतं तर उन्हाळ्यात जाळी खुळखुळली असती, हेही तुम्हीच सांगितलंत. ड्रॉवरच्या फळ्यांची वरची कड तुम्ही रंध्यानं जराशी उतरवलीत आणि तळाशी घासणाऱ्या कडेवर साधी मेणबत्ती चोळलीत.

यंदा जांबोटी-कणकुंबीकडून ढग येऊन बसले ते हलायलाच तयार नाहीत. पापडाचा डबा मऊ पडला, भिंतीला ओल आली, मशीनच्या पट्ट्यानं कुरकुर केली. ड्रॉवर एका बोटानं उघडतो. काल मुद्दाम जाळी वर उचलून बघितली, अख्खी हातात आली. उन्हाळ्यात खाचेत कागद सहज जायचा, आता जात नाही. म्हणजे जेवढी जागा ठेवलीत तेवढी लाकडानं वापरली, त्याच्यापुढं नाही. एवढा अंदाज तुम्ही कशावरून बांधलात हे मला अजून कळलेलं नाही.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. ‘आत कापड घालू नको, धूळ धरतंय’ असं तुम्ही बजावलं होतं. मी सुयांच्या कप्प्यात मखमलीचा तुकडा घातलाय आणि काढणार नाही. त्यावर सुई पटकन दिसते. जवसाचं तेल मात्र सांगितलं तसंच एकच हात दिलं, जास्तीचं पुसून काढलं, आणि तेलाचं फडकं बोळा करून न ठेवता दोरीवर पसरून वाळवलं. बोळा ठेवला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो, हे ऐकल्यापासून मी घरातली सगळी फडकी संशयानं बघते.

मजुरी विचारली तेव्हा तुम्ही नातीकडं बोट दाखवलं होतं. तिचं परकर-पोलकं तयार आहे, इरकलीच्या काठाचं. पोरं वाढतात म्हणून आत दाबून ठेवलंय, दोन वर्षं उसवत न्या. घ्यायला याल तेव्हा बारीक दातांची करवत बरोबर असू द्या. जाऊबाईंनी चमच्यांचा ड्रॉवर रिकामा करून ओट्यावर मांडलाय आणि तुम्ही येईपर्यंत आम्ही सगळे हातानंच जेवणार आहोत.

तुमची,
वडगावची शिवणवाली