जोडी तोडू नका

महोदय,

आपत्तीत सापडलेल्या मुलांसाठी मदतीची यादी निघते, तेव्हा त्यात कपडे, वह्या, औषधे, फी हे सगळे असते. ‘याच्याबरोबर कोण होते?’ हा प्रश्न मात्र क्वचितच असतो. मग निवारागृहात खाटा रिकाम्या असतील तशी भावंडे विभागली जातात. शाळेत तुकड्या पाडताना जिवलग मैत्रिणी दोन वर्गांत जातात. नोंदवही तेवढी नीट राहते.

१९४५ साली तेरेझिनच्या नाझी छळछावणीतून सुटलेली सहा अनाथ मुले इंग्लंडमध्ये एका घरात ठेवली गेली. वय तीन-चार वर्षे. मोठ्यांना ती मारत, चावत, खेळणी फोडत. आपसांत मात्र हेवादावा जवळजवळ नव्हता. स्वतः खाण्याआधी शेजारच्याला मिळाले का, हे बघत. क्षणभरही एकमेकांना सोडायला तयार नसत. बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड आणि या मुलांना सांभाळणाऱ्या सोफी डॅन यांनी १९५१ मध्ये ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. आईबाप नसताना या मुलांना एकमेकांनीच धरून ठेवले होते.

नव्या जागी आलेल्या मुलाला ‘मित्र किती?’ असे विचारू नये. ते गप्प बसते किंवा साऱ्या वर्गाची नावे सांगते. ‘शेजारी कोण बसायचे? भीती वाटली की कुणाकडे जायचास?’ असे विचारावे. जी एक-दोन नावे येतील ती प्रवेश-अर्जावरच लिहावीत आणि बाक, खाट, तुकडी त्यानुसार ठरवावी. किमान वर्षभर बदलू नये.

दोघांना समोरासमोर बसवून ‘बोला’ म्हटले की बोलणे खुंटते. त्यापेक्षा रोज ठरल्या वेळी वीसेक मिनिटांचे काम जोडीने द्यावे: झाडांना पाणी, पुस्तके लावणे. हात गुंतले की तोंड आपोआप सुटते.

सोबतीतही धोके आहेत. तेच दुःख रोज उगाळत बसले की मैत्री घट्ट होते आणि उदासीही वाढते. अशा वेळी जोडी न तोडता तिला खेळात, कामात ओढावे. एकच मूल दुसऱ्याला सांभाळत असेल, तर त्याची झोप आणि अभ्यास आधी बिघडतो, तिकडे लक्ष हवे. मारहाण, लैंगिक छळ किंवा जीव देण्याची भाषा हे मैत्रीतले गुपित नव्हे, मोठ्यांना सांगायचेच, हे दोघांनाही आधीच बजावून ठेवावे.

आणि उत्साही स्वयंसेवकांविषयी. संशोधक जीन ग्रॉसमन व जीन ऱ्होड्स यांच्या २००२ च्या अभ्यासात मोठ्या स्वयंसेवकांच्या वर्षभर टिकलेल्या सोबतीचा मुलांना सर्वाधिक फायदा दिसला. तीन महिन्यांच्या आत सुटलेल्या सोबतीनंतर मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट घटला. वर्षभर येणे जमणार नसेल, तर मुलाशी जोडी लावू नये. कार्यालयातले काम मागून घ्यावे. मध्येच थांबावे लागले, तर शेवटच्या भेटीची तारीख महिनाभर आधी सांगावी आणि ती भेट चुकवू नये.

– मुलांसोबत काम करणारे काही समुपदेशक