सर्टिफिकेट वाटा, पण आधी काम तर तपासा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरच्या शहराच्या पानावर अधूनमधून एक फोटो येतो. एकसारखे टी-शर्ट घातलेले कामगार रांगेत उभे, प्रत्येकाच्या हातात सर्टिफिकेट, मधात पाहुणे, मागे बॅनर, आणि खाली ओळ की इतक्या-इतक्या कामगारांच्या कौशल्याला मान्यता मिळाली. बातमीत पाहुण्यांची नावं सगळी असतात. पण या लोकांची परीक्षा घेतली कोणी, काय करून दाखवायला लावलं, आणि नापास किती झाले, हे मी तरी कधी छापलेलं पाहिलं नाही. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडचा निदेशक होतो, आता रिटायर आहे, सवयीने थोडं कडक बोलतो, तेवढं चालवून घ्या.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. याला आरपीएल म्हणतात, रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग. शाळा-कॉलेज न करता कामावर राहून माणूस जे शिकला ते तपासायचं आणि त्याला सरकारी सर्टिफिकेट द्यायचं. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल विकास योजना (पीएमकेव्हीवाय) आली, तिच्यातच हा भाग आहे. कल्पना एक नंबर आहे, मी तिच्या विरोधात अजिबात नाही, उलट माझं म्हणणं आहे की ही गोष्ट पन्नास वर्षं आधी यायला पाहिजे होती. आपल्या इथे वायरमन, प्लंबर, राजमिस्त्री, वेल्डर हे सगळे लोक उस्तादाच्या हाताखाली शिकतात. पोरगा बारा-चौदा वर्षांचा असताना पक्कड-पेचकस द्यायला लागतो आणि पंचविशीत अख्ख्या बंगल्याची कन्सील फिटिंग एकटा काढतो. त्याच्याकडे कागद एकच, आधार कार्ड. आणि त्यातले कित्येक जण माझ्या पास झालेल्या पोरांपेक्षा सरस असतात, हे मी वर्गात पण बोलायचो, पोरांना राग यायचा.

प्रश्न आहे तपासणीचा. पीएमकेव्हीवायच्या आरपीएलमध्ये १२ तासांचं ओरिएंटेशन, मग असेसमेंट, आणि पास झाला की ५०० रुपये खात्यात, अशी साधारण रचना होती. कागदावर वाईट नाही. पण एका शिबिरात मला पाहायला बोलावलं होतं (संस्थेचं नाव घेत नाही, त्यातली पोरं चांगली होती), तिथे टॅबवर ऑप्शनवाले प्रश्न, शेजारी उभा माणूस उत्तराकडे बोट दाखवून राहिला, आणि प्रॅक्टिकल म्हणजे एका लाकडी बोर्डवर एक स्विच एक होल्डर. ते तर आठवीतला पोरगा पण करेल बाप्पा. असेसर इकडे काम पाहण्यापेक्षा फोटो काढण्यात गुंतलेला, कारण वर फोटो अपलोड करावे लागतात, काम अपलोड करता येत नाही ना. वीस वर्षं घासलेला वायरमन आणि गेल्या महिन्यात हाताखाली लागलेला पोरगा, दोघांना सारखाच कागद मिळाला. यात अपमान कोणाचा झाला सांगा.

आणि हे फक्त मान-अपमानाचं प्रकरण नाही जी, हे जिवाचं आहे. नागपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, पारा ४५ च्या वर, घरोघरी डेझर्ट कूलर, लोखंडी बॉडी, आत पाणी, पंप, आणि खालची जमीन ओली. दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणूस गेल्याची बातमी तुम्हीच छापता. आता एक गोष्ट जी वायरमन लोक एकमेकांत उघड बोलतात पण बाहेर सांगत नाहीत. जुन्या घरात अर्थिंग नसलं की काही जण सॉकेटच्या अर्थच्या पिनेला न्यूट्रलच जोडून देतात. काम भागतं, टेस्ट लॅम्प लागतो, घरमालक खूश. मग कधीतरी मागे कुठे न्यूट्रल तुटतो आणि कूलरची आख्खी बॉडी फेजवर येते, म्हणजे हात लावला की शॉक. हे करणारा नवशिका नसतो, पंधरा-वीस वर्षं अनुभव असलेला माणूस असतो, त्याला उस्तादाने तसंच शिकवलेलं असतं. म्हणजे अनुभव खरा आहे पण त्याच्यात ही एक सवय जीवघेणी आहे. तुम्ही नुसती वर्षं मोजून त्याला सर्टिफिकेट दिलं तर त्या चुकीच्या सवयीवर सरकारी शिक्का मारला.

मला विचाराल तर वायरमनच्या आरपीएलला मी दोनच कामं देईन. एक, बाजूला एक खराब केलेला कूलर ठेवायचा, दोन पिनांचा, म्हणजे अर्थ नसलेला प्लग लावलेला, आणि म्हणायचं की हा सेफ करून दे आणि सेफ झाला हे मीटरने दाखव. दुसरं, तोंडी एकच प्रश्न: घरात एमसीबी चांगली आहे, मग माणूस शॉक लागून मरतो कसा? ज्याला समजलं आहे तो आपल्या भाषेत सांगतो की भाऊ एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, ती सोळा अँपिअरची, आणि माणसाला मारायला अँपिअर कशाला, पन्नास-शंभर मिलीअँपिअर पण पुरतात, म्हणून करंट बाहेर गळाला की त्याच्या आधीच लाइन तोडणारी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी पाहिजे. त्याला आरसीसीबीचा फुलफॉर्म नाही आला तरी चालेल. इंग्रजी स्पेलिंग नाही आलं तरी चालेल. पण हे नाही सांगता आलं तर आज सर्टिफिकेट नाही, ये दोन आठवड्यांनी, इतकं इतकं शिकून ये, अर्थिंग आम्ही दाखवतो.

आता मुद्दा इथेच अडतो. आज सर्टिफिकेट नाही, असं म्हणायची सोय कोणाला आहे? संस्थेला पैसे मिळतात डोक्यामागे, टार्गेट वरून येतं, असेसर दिवसभरात अख्खी बॅच उरकणार आणि संध्याकाळची गाडी पकडणार. नापास झालेला माणूस कोणालाच परवडत नाही. ज्या परीक्षेत कोणी नापास होत नाही तिच्यात पास झाल्याला बाजारात कोण विचारतो? ठेकेदार तर बिलकुल नाही, तो आजही ठिय्यावर, म्हणजे मजुरांच्या अड्ड्यावर, उभा राहून हात पाहून माणूस उचलतो, सर्टिफिकेट मागत नाही.

सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने पीएमकेव्हीवायच्या २०१५ ते २०२२ या काळावर अहवाल दिला त्यात काय निघालं ते बऱ्याच लोकांनी वाचलंच नसेल. तपासलेल्या नोंदींपैकी ९४ टक्क्यांहून जास्त लाभार्थ्यांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य, रिकामी जागा नाहीतर असंच काहीतरी. एकच फोटो वेगवेगळ्या लोकांना लावलेला पण सापडला. ज्यांना खाते नंबर धड लिहून घ्यायला वेळ नव्हता त्यांनी त्या माणसाची वायरिंग तपासली असेल यावर मी कसा विश्वास ठेवू?

देखरेखीची यंत्रणा नाही असं पण नाही बरं. २०१३ मध्ये एनएसक्यूएफ आली, म्हणजे कोणतं काम कोणत्या लेव्हलचं हे ठरवणारी चौकट, आणि नंतर एनसीव्हीईटी नावाची नियामक संस्था आली, असेसमेंट एजन्सींना मान्यता देणं हे तिचंच काम. पण नियम दिल्लीत आणि शिबिर एखाद्या मंगल कार्यालयात, मधात पाहणारा कोणी नाही. साधी गोष्ट करता येईल. पास झालेल्यांपैकी काही जणांना सहा महिन्यांनी चिठ्ठी टाकून परत बोलवा, दुसऱ्या जिल्ह्यातला असेसर ठेवा, तेच काम परत करून घ्या. निकाल फार वेगळा आला तर त्या एजन्सीची मान्यता थांबवा. दोनदा असं झालं ना, बाकीचे आपोआप सरळ होतील.

काही लोक म्हणतील, गरिबाला इतकं कडक काहून? त्याची दिवसाची मजुरी बुडते. बरोबर आहे, बुडू नये, म्हणून त्या दिवसाची मजुरी द्या आणि परीक्षा साइटवरच घ्या, हिंगण्याच्या नाहीतर बुटीबोरीच्या कारखान्यात, चालू बांधकामावर. पण परीक्षा हलकी करून गरिबाचं भलं होतं हे मला पटत नाही. हलक्या परीक्षेचा कागद श्रीमंताचं पोरगं घेत नाही, मग हा का घेईल?

आणि खरी मेख मजुरीत आहे. किमान वेतनाच्या यादीत कुशल, अर्धकुशल, अकुशल असे भाग असतात आणि दर त्यावर ठरतो. बांधकामावरची रेजा घ्या, म्हणजे मजूर बाई. वर्षानुवर्षं मसाला कालवते, प्लास्टरला वाळू-सिमेंट चारास एक की सहास एक हे मिस्त्रीने सांगायच्या आधी तिला माहीत असतं, वाळूत माती आहे हे हातात घेऊन सांगते. हजेरीत ती अकुशल. शेवटपर्यंत अकुशल. बायांसाठी आरपीएल म्हटलं की शिलाई आणि ब्युटीपार्लर यांच्या पुढे आपली गाडी जातच नाही, रेजेला मिस्त्री व्हायचा रस्ता कोणी दाखवला? बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तिथे दिवस मोजले जातात, काम कोणतं येतं ते कोणी विचारत नाही, आणि लोक पण मंडळाकडून मिळणाऱ्या भांड्यांच्या संचाच्या लायनीत जास्त दिसतात, त्यांना काय दोष द्यायचा. पंतप्रधान विश्वकर्मा योजना २०२३ मध्ये आली, तिच्या पहिल्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम आपल्या शेजारी वर्ध्यालाच झाला होता, १८ धंदे आहेत तिच्यात, राजमिस्त्री आहे, सुतार आहे, शिंपी आहे, पण वायरमन आणि प्लंबर नाहीत. असो.

दुसरीकडे उल्लास चालू आहे, नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांना स्वयंसेवकांनी शिकवायचं, मग १५० मार्कांची परीक्षा, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. आमच्या भागातल्या एका शिक्षिकेने आजीबाईंना फार जीव लावून शिकवलं, मी पाहिलं आहे, त्यामुळे सगळंच बोगस म्हणणार नाही. पण इथे पण तेच, परीक्षेचा दिवस झाला की नोंद झाली साक्षर, पुढे त्या बाईला महावितरणचं बिल वाचता येतं का, बँकेची स्लिप भरता येते का, हे वर्षभरानंतर कोणी पाहत नाही. आणि मला तर हे दोन कार्यक्रम वेगवेगळे काहून आहेत हेच समजत नाही. ज्या वायरमनला वाचता येत नाही त्याला ‘कमळ’ आणि ‘बदक’ काय करायचं, त्याला एमसीबीवरचे आकडे, वायरच्या बंडलवरचं जाडीचं १.५ आणि २.५, आणि टेस्ट रिपोर्टचा फॉर्म या तिन्हीतून अक्षरओळख द्या, तो पंधरा दिवसांत पाट्या वाचायला लागेल. कामातून शिक्षण ही गोष्ट आपल्याला कोणी बाहेरच्याने सांगायची गरजच नाही, १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद भरली होती, गांधीजींची नई तालीम तिथूनच निघाली, इथून एसटीने दोन-अडीच तास. तेव्हा ती पोरांसाठी होती, आता मोठ्यांसाठी करा एवढंच.

सर्टिफिकेटच्या पुढे रस्ता पण पाहिजे. वायरमनच्या आयटीआय प्रवेशाला आठवी पास लागते, इलेक्ट्रिशियनला दहावी. चाळिशीतल्या माणसाला सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी करायला लावायचं, तेही बीजगणितासकट, आणि त्यानंतर त्याला जे येतं ते परत दोन वर्षं शिकवायचं, याला अर्थ नाही. नवीन क्रेडिट आराखड्यात अनुभवाला क्रेडिट देता येईल असं म्हणतात, चांगलं आहे, पण ते क्रेडिट आरपीएलच्या कागदावरून मिळणार असेल तर परत गाडी तिथेच येते, कागद खरा आहे का.

मागणी माझी छोटी आहे. महानगरपालिकेने, पीडब्ल्यूडीने आपल्या टेंडरमध्ये अट टाकावी की साइटवरचे इतके टक्के वायरमन आणि मिस्त्री तपासून पास झालेले पाहिजेत आणि त्यांना कुशलचाच दर द्यावा. मग ठेकेदार स्वतः माणसं परीक्षेला घेऊन येईल, टी-शर्ट वाटायची गरज राहणार नाही. जागेचा प्रश्न नाही, आयटीआयच्या वर्कशॉप रविवारी कुलूपबंद असतात, बोर्ड, मीटर, इन्सुलेशन तपासायचा मेगर सगळं आत पडलं आहे. असेसर पण आहेत. माझ्यासारखे रिटायर निदेशक या शहरात कमी नाहीत, काही जण तर घरी बसून बायकोच्या मिक्सरचे पार्ट काढून राहिले. आम्हाला मानधन नको, पेट्रोलचे पैसे दिले तर बरं, नाही दिले तरी येऊ. अट एकच, ज्याचं काम कच्चं आहे त्याला नापास करायचा अधिकार लेखी द्यावा आणि त्यावर वरून फोन येऊ नये.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक,
मानेवाडा, नागपूर