नवा स्पीकर घेण्याआधी अंतर आणि पातळी जुळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होम थिएटरविषयी वृत्तपत्रांतून आणि जाहिरातींतून जी माहिती वाचायला मिळते, ती बहुधा वॅट, स्पीकरची संख्या आणि पडद्याचा आकार यांच्यापलीकडे जात नाही. ‘संवाद ऐकू येत नाहीत, पण मारामारी सुरू झाली की भिंती हादरतात’ ही तक्रार मात्र घरोघरी ऐकू येते, आणि त्यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे आणखी महागडा सेंटर स्पीकर, म्हणजे पडद्याजवळ मधोमध ठेवलेला संवादांचा स्पीकर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच हा प्रकार आहे. अनेक घरांत रिसीव्हरमधील (सर्व स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या मुख्य यंत्रातील) स्पीकरचे अंतर आणि आवाजाची पातळी या दोन सेटिंगना कोणी हातच लावलेला नसतो. परिणामी सर्व स्पीकर ऐकणाऱ्यापासून सारख्याच अंतरावर आणि सारख्याच जोराचे आहेत, असे समजून यंत्र वर्षानुवर्षे चालत राहते.

अंतराचा मुद्दा प्रथम घेतो. साधारण 20 अंश सेल्सिअस तापमानाला हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो, म्हणजे एक मीटर कापायला ध्वनीला जवळपास 2.9 मिलिसेकंद लागतात. समोरचे दोन स्पीकर साडेतीन मीटरवर आणि सराउंड, म्हणजे बाजूचे-मागचे, स्पीकर जेमतेम दीड मीटरवर असतील, तर एकाच क्षणी सोडलेला आवाज सराउंडमधून सुमारे 5.8 मिलिसेकंद आधी कानावर पडतो. एवढ्याशा फरकाने काय बिघडणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी 1949 मधील आपल्या प्रबंधात ज्या परिणामाचा अभ्यास केला आणि जो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो, तो नेमका इथे लागू पडतो. सारखाच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या अंतराने आला, तर कानाला दोन आवाज ऐकू येत नाहीत. जो आधी पोहोचला त्याच दिशेने सगळा आवाज येत आहे असे वाटते, आणि नंतर येणारा आवाज थोडा मोठा असला तरीही ही समजूत टिकून राहते. त्यामुळे पुढे-मागे वाटून दिलेला पावसाचा किंवा टाळ्यांचा आवाज सगळाच मागच्या स्पीकरकडे ओढला जातो आणि खोली भरून टाकणारा परिणाम हरवतो.

यावरचा उपाय रिसीव्हरमध्येच असतो. आपण प्रत्येक स्पीकरचे अंतर भरायचे. मग सर्वांत दूरच्या स्पीकरला शून्य विलंब देऊन जवळच्या स्पीकरचे आवाज हिशेबाने थोपवून धरण्याचे काम यंत्र स्वतः करते. अंतर मोजायचे ते स्पीकरच्या दर्शनी भागापासून मुख्य आसनावर बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत, भिंतीपर्यंत किंवा सोफ्याच्या कडेपर्यंत नव्हे. सराउंडच्या बाबतीत दहा सेंटिमीटर इकडेतिकडे झाल्यास फारसे बिघडत नाही, पण समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरची मापे काटेकोर असावीत. अर्थात, हा सारा हिशेब एकाच आसनासाठी जुळतो. शेजारी साठ सेंटिमीटरवर बसलेल्या व्यक्तीसाठी डाव्या-उजव्या आवाजात साधारण पावणेदोन मिलिसेकंदांचा फरक पडतोच, आणि म्हणूनच संवाद पडद्याच्या मध्यभागी खिळवून ठेवणारा सेंटर स्पीकर महत्त्वाचा ठरतो.

सबवूफरच्या, म्हणजे खर्जाचा आवाज देणाऱ्या स्पीकरच्या, अंतराबाबत मात्र एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण नेमके इथेच जाणकार म्हणवणारेही चुकतात. रिसीव्हरसोबत मिळणाऱ्या माइकने स्वयंचलित मोजणी केल्यावर तीन मीटरवरच्या सबवूफरचे अंतर यंत्र चार मीटर ऐंशी सेंटिमीटर असे दाखवते, तेव्हा ‘मशीनचे गणित चुकले’ म्हणून टेपने मोजलेला आकडा भरण्याचा मोह होतो. तो टाळावा. सबवूफरच्या आतील फिल्टर आणि इतर इलेक्ट्रॉनिक्समुळे त्याचा आवाज मुळातच काही मिलिसेकंद उशिरा निघतो. माइकला तो उशीर कळतो आणि यंत्र त्याचे रूपांतर जादा अंतरात करते. तो आकडा खोलीतील अंतर सांगत नाही, प्रत्यक्ष लागलेला वेळ सांगतो. 80 हर्ट्‌झच्या आसपास, जिथे सामान्यतः मुख्य स्पीकर आणि सबवूफर एकमेकांकडे काम सोपवतात, ध्वनीची तरंगलांबी सुमारे 4.3 मीटर असते. त्यामुळे दीड-दोन मीटरची ‘दुरुस्ती’ केली की दोघांचे तरंग जवळपास उलट पडून एकमेकांना खोडून काढतात आणि ढोलाचा ठोका पोकळ होतो. मग लोक सबवूफरचा आवाज वाढवतात, आणि खोली नुसतीच घुमू लागते.

आता पातळीविषयी. रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने जो फुसफुसल्यासारखा चाचणीचा आवाज सोडतो, तो मुख्य आसनावर प्रत्येक वेळी सारखाच मोजला गेला पाहिजे. घरगुती यंत्रांत यासाठी 75 डेसिबलची पातळी रूढ आहे. ही तुलना नुसत्या कानाने करणे फसवे असते, कारण मागून आणि बाजूने येणारा आवाज कानाला वेगळ्या पोताचा भासतो आणि एक-दोन डेसिबलचा फरक त्यात लपून जातो. ध्वनिमापक नसेल तर मोबाइलवरील अ‍ॅपही चालते, कारण आकडा शास्त्रशुद्ध नसला तरी एकच माइक सर्व स्पीकरची तुलना करत असतो. सबवूफरसाठी मात्र त्यावर विसंबू नये, कारण मोबाइलचा माइक खर्जाच्या आवाजात कच्चा असतो. स्वयंचलित मोजणीत सबवूफरची पातळी उणे बारा डेसिबलपर्यंत, म्हणजे अनेक यंत्रांच्या मर्यादेच्या टोकाशी, गेलेली दिसली, तर ती मोजणी ग्राह्य धरू नये. सबवूफरच्या मागचे आवाजाचे बटण थोडे खाली फिरवून मोजणी पुन्हा करावी. माइक हातात धरून किंवा सोफ्याच्या उशीवर ठेवून मोजणी करणारे तंत्रज्ञ मी पाहिले आहेत. तो कानाच्या उंचीवर तिपाईला लावायचा असतो आणि त्या वेळी पंखा बंद ठेवायचा असतो.

एकदा पातळ्या सारख्या झाल्या की, संवाद अजूनही दबलेले वाटल्यास सेंटर स्पीकर दोन-तीन डेसिबलने वाढवण्यात काहीच गैर नाही. रात्री आवाज कमी ठेवून पाहणाऱ्यांनी मोठ्या-लहान आवाजांतील तफावत कमी करणारा नाइट मोड अवश्य वापरावा. सराउंड स्पीकर सतत ‘ऐकू यावेत’ म्हणून ते वाढवून ठेवण्याची सवय मात्र मला पटत नाही. बहुतांश दृश्यांत त्यांनी लक्ष वेधून न घेता मागे राहावे, हीच ध्वनिसंयोजकाची योजना असते.

ओठांची हालचाल आणि आवाज यांचा मेळ न बसणे हे दुखणे निराळे आहे, आणि त्यासाठी स्पीकरची अंतरे बदलत बसणे व्यर्थ आहे. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेतो, त्यामुळे आवाज आधी येतो. त्यासाठी सर्व स्पीकरना एकत्र उशीर देणारे वेगळे सेटिंग असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला तरी प्रेक्षकाला ते जाणवते, उलट उशीर सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. आवाजच मागे पडत असेल, तर हे सेटिंग शून्यावर आणून टीव्हीचा गेम मोड (चित्रावरची प्रक्रिया कमी करणारे सेटिंग) बंद करून पाहावा, कारण यंत्र आवाज थोपवू शकते, वेळेआधी सोडू शकत नाही.

आपल्या वृत्तपत्राच्या तंत्रज्ञानविषयक पानावर नव्या उपकरणांच्या परीक्षणांबरोबरच या जुळवणीलाही जागा मिळावी, ही विनंती. विक्रेत्यांकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही: उपकरण बसवून झाल्यावर प्रत्येक स्पीकरचे भरलेले अंतर आणि पातळी एका कागदावर लिहून ग्राहकाच्या हाती द्यावी, आणि सोफा, गालिचा किंवा सबवूफर यांपैकी काहीही हलवल्यास मोजणी पुन्हा करावी लागते, ही सूचनाही त्याच कागदावर असावी.

आपला,
एक वाचक