गडद रंगाचं राहू द्या बाजूला, आधी मुंढा नीट बेता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नोकरी करणाऱ्या जाड बायकांनी काय घालावं यावर एक लेख आला होता, तो आमच्या स्टाफरूममधे हातोहात फिरला आणि बऱ्याच जणींनी वाचून नाक मुरडलं, म्हणून हे पत्र. सल्ले तेच ते. गडद रंग घाला, उभ्या रेघा घाला, मोठी प्रिंट नको, कपडा सैलसर असू द्या म्हणजे सगळं झाकलं जातं. मी कॉलेजात होते तेव्हापासून हेच वाचतेय.

गडद रंगाचं आधी सांगते. मी झेडपीच्या शाळेत शिकवते आणि मार्च २०२४ मधे शिक्षकांच्या पेहरावाचा जो जीआर निघाला त्यात गडद रंग नको, चित्रविचित्र नक्षी नको, जीन्स टीशर्ट तर नाहीच, बायकांनी साडी नाहीतर सलवार किंवा चुडीदार, कुर्ता, दुपट्टा असं दिलंय. आता लेखाचं ऐकावं तर सरकार रागावणार. आणि उभ्या रेघांचं म्हणाल तर हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उंच दिसतो आणि उभ्या रेघांचा रुंद. बाई म्हणजे काही चौकोन नाही हे मान्य, पण मग उभ्या रेघांचा सल्ला इतका छातीठोकपणे तरी कशाला द्यायचा.

माझं म्हणणं असं की मोठ्या मापाच्या बाईचा कपडा वाईट दिसतो तो रंगामुळे नाही आणि तिच्या अंगामुळे तर नाहीच नाही, कापड चुकीचं बेतलेलं असतं म्हणून दिसतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं चाललंय सगळं.

आपल्याकडच्या शिवण क्लासमधे जे ड्राफ्टिंग, म्हणजे मापावरून कपड्याची आकृती आखणं, शिकवतात ते बहुतेक छातीच्या मापावर चालतं. गळ्याची रुंदी छातीचा बारावा भाग, मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेजवळची गोलाई, सहावा भाग, क्लासप्रमाणे अर्धा-एक इंच इकडेतिकडे. ३२, ३४, ३६ ला हे झकास बसतं. पण ४८ छाती घेऊन बघा. ३६ ला गळा अर्ध्या भागावर ३ इंच येतो तो ४८ ला ४ इंच येतो, म्हणजे उघडल्यावर गळा चांगला २ इंचांनी रुंद झाला, आणि अहो छाती वाढली म्हणून मान रुंद होते का, खांद्याची हाडं सरकतात का? मग गळा खांद्यावरून घसरतो, आतली पट्टी दिसते, शोल्डर दंडावर लोंबतं, आणि एवढं सगळं मोठं करूनही छातीवरची बटणं ताणलेलीच. रेडिमेडवाले थ्रीएक्सएल, फोरएक्सएल काढतात तेव्हाही बरेचदा हेच करतात, सगळीकडून सारखं वाढवत न्यायचं. बाई काही सगळीकडून सारखी वाढत नाही.

यात सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे मुंढा. टेलरला वाटतं बाई जाड आहे, काखेत काचेल, म्हणून तो मुंढा अजून खोल करतो. आता मुंढा खोल म्हणजे बाही कुर्त्याला खाली, पार बरगडीशी जोडली जाते, मग फळ्यावर लिहायला हात वर केला की बाहीबरोबर अख्खा कुर्ता वर येतो, मागच्या बाकावरची पोरं हसतात आणि बाई एका हाताने कुर्ता खाली ओढत दुसऱ्या हाताने गुणाकार लिहिते. मुंढा काखेच्या जवळ असला तरच हात मोकळा उचलतो. जागा द्यायचीय ती बाहीला दंडावर द्या, दंडाच्या घेरापेक्षा २ इंच तरी जास्त, आणि बाहीचा वरचा उंचवटा थोडा कमी ठेवा. तरी काचलं तर जुन्या सदऱ्यांना काखेत चौकोनी तुकडा असायचा तसा लावा. हे मी कितीतरी टेलरना सांगून बघितलं, तोंडावर हो म्हणतात आणि कातर हातात आली की परत खोल कापतात, शेवटी मी घरीच मशीन काढली.

छातीचं पण सांगते कारण ते कुणी नीट सांगत नाही. मापं दोन घ्यायची, एक पूर्ण छातीचं आणि एक त्याच्या वरचं, टेप काखेतून घेऊन. दोन्हीत साधारण २ इंचाचा फरक असेल तर नेहमीचा ड्राफ्ट चालतो. पण समजा वरचं माप ४४ आहे आणि पूर्ण छाती ४९, तर ४९ चा ड्राफ्ट काढायचाच नाही, ४६ चा (४४ अधिक नेहमीचे २) काढायचा, म्हणजे गळा, शोल्डर, पाठ सगळं जागच्या जागी राहतं, आणि उरलेले ३ इंच फक्त पुढच्या भागाला द्यायचे. पुढचा अर्धा कागद घ्यायचा, खालून टक्सच्या, म्हणजे छातीला आकार द्यायला कापड चिमटून घातलेल्या शिलाईच्या, टोकापर्यंत उभा कापायचा, तिथून मुंढ्याकडे तिरपा पण मुंढ्याच्या कडेला जरासा जोडलेला ठेवून, आणि साइडकडूनही टोकापर्यंत एक काप द्यायचा. मग साइडचा तुकडा दीड इंच (अर्धाच भाग आहे म्हणून ३ चे निम्मे) बाहेर सरकवला की साइडला आपोआप एक टक्स उघडतो आणि पुढची उंचीही वाढते, जी हवीच असते कारण कापडाला छातीवरून चढून जायचं असतं. मधला भाग मग खाली आखूड पडतो, तेवढी पट्टी तिथे जोडायची. टक्स नको वाटत असेल तर प्रिन्सेस कट, म्हणजे छातीवरून खालपर्यंत जाणारी उभी शिलाई, घ्या, हिशोब तोच. आधी मांजरपाटावर कच्ची टीप मारून बघायचं आणि मगच चांगल्या कापडाला कातर लावायची, मांजरपाट स्वस्त पडतो आणि एकदा ड्राफ्ट जमला की तो ब्राऊन पेपरवर काढून ठेवला की झालं.

पोटाचंही असंच, पोट पुढे असलं की कुर्ता समोरून उचलला जातो आणि मागून लोंबतो, म्हणून पुढच्या भागाची उंची इंच-दीड इंच जास्त धरायची. सीटचं, म्हणजे नितंबांच्या घेराचं, माप उभं राहून घेऊ नका, खुर्चीवर बसून घ्या, आम्ही तर पहिली-दुसरीच्या पोरांबरोबर सतरंजीवर बसतो. साइडचा कट सगळ्यात रुंद जागेच्या जरा वरून सुरू करा, नाहीतर बसताना तिथेच उसवतं. सलवारीचं कापड मांड्यांशी घासून आतून विरतं, तिथे आसनाला दुहेरी कापड लावा, बाहेरून दिसत नाही. बस, एवढंच.

आता स्टाइल. लेखात अशी काही भावना होती की मोठ्या मापाच्या बाईने लक्ष वेधून घेऊ नये, साधं शांत काहीतरी घालून गप बसावं. का म्हणून? मला खण आवडतो, पिवळा-हिरवा आवडतो, मोठी लाकडी बटणं आवडतात, आणि जीआरमधे बसवूनही हे सगळं करता येतं. उलट मोठ्या मापात त्याला वावच जास्त असतो. ४४ पन्ह्याच्या कापडात ५२ सीटचा कुर्ता बेतायचा तर ४ इंच सैलपणा धरून पुढचा आणि मागचा भाग २८-२८ इंच, शिलाई धरून ३०, म्हणजे दोन्ही शेजारीशेजारी बसत नाहीत, दोन उंच्या कापड जातं आणि बाजूला १४ इंचाची पट्टी उरते. अडीच मीटरच्या ड्रेस पीसमधे मग बाही कोपरापर्यंतसुद्धा जेमतेम येते. बहुतेक टेलर इथे हात वर करतात की ताई कापड कमी पडलं. मी तिथे खालून खणाची पट्टी जोडते आणि तीच पट्टी गळ्याला नाहीतर खिशाला घेते, मग लोक विचारतात कुठल्या बुटीकमधून आणलंस. खिसा मात्र हवाच, खडू, मोबाईल, कपाटाच्या किल्ल्या सगळं मावेल एवढा, आणि तो साइडच्या शिलाईत न घेता पुढे थोडा वर घ्यायचा, साइडला घेतला की भरल्यावर सीटवर फुगतो. कापड घेताना अंगावर पडणारं पण अंगाला न चिकटणारं बघा, जाडसर सुती किंवा हातमाग बरा, सिंथेटिक क्रेप चिकटतं आणि घामाने जीव जातो. सैलसर म्हणून चारही बाजूंनी ढगळ शिवलं की पोत्याला बाह्या लावल्यासारखं दिसतं, त्यात बाई अजूनच मोठी दिसते, मग झाकलं काय?

निफ्टने, म्हणजे फॅशनचं शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थेने, वस्त्रोद्योग मंत्रालयाबरोबर २०१८ साली भारतीय मापांचा एक मोठा सर्व्हे जाहीर केला होता, मुंबईसकट सहा शहरांत, १५ ते ६५ वयाच्या २५,००० लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची. चांगलंच आहे, आपले लोक इतकी वर्षं परदेशी साइजांच्या मागे धावतायत. पण त्या तक्त्याने फारतर मॉलमधला कुर्ता सुधारेल, आमच्या गावातल्या टेलरला आणि क्लासच्या बाईंना त्याचा काय उपयोग, ते छातीचा बारावा भागच धरणार. आयटीआयमधे शिवणकामाचा एक वर्षाचा कोर्स आहे, तिथल्या प्रॅक्टिकलला ४४ च्या वरचं एक माप सक्तीचं करा असं मला सुचवायचंय, कुणी अधिकारी वाचत असतील तर बघावं.

आणि आपल्याला एक विनंती. बायकांच्या मासिकांतून पूर्वी शिवणकामाची सदरं यायची, आकृत्यांसकट, बायका ती कात्रणं मशीनच्या खणात ठेवायच्या. तसं एखादं सदर पुरवणीत सुरू करा, ४४ ते ५४ मापाचं, कुर्ता, ब्लाउज, सलवार, आणि ज्यांच्या ऑफिसात चालते त्यांच्यासाठी पॅंट. लिहायला बारामतीपासून गोंदियापर्यंत शिवणाऱ्या बायका मिळतील, डिझायनरच हवा असं काही नाही. आकृतीत मापं इंचातच द्या, आमच्याकडे टेलर, क्लास आणि गिऱ्हाईक तिघंही इंचातच बोलतात, आणि पुढच्या-मागच्या भागाच्या आकृत्या वेगवेगळ्या छापा, एकावर एक छापल्या की कुठली रेघ कशाची ते कळत नाही.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा