बैठकीला कोण आले आणि कोण नाही

मा. संपादक,

कचरा वर्गीकरणाची पद्धत गावकऱ्यांनाच ठरवू द्यायची, म्हणून आमच्या पंचायतीने गेल्या वर्षी चार बैठका घेतल्या. मी चारही बैठकांना गेले. वाड्यांचा नकाशा काढला, चिठ्ठ्या चिकटवल्या, ओल्या-सुक्या कचऱ्यासाठी दोन बादल्यांची पद्धत आम्हीच सुचवली. आज बैठकीला आलेल्या घरांत दोन बादल्या आहेत. पण त्या घरांत त्या आधीही होत्या. ओहोळाच्या कडेला पिशव्या पडायच्या त्या पडतातच.

बैठका दुपारी तीनला होत्या. कुंडई-वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतींत कामावर जाणारे त्या वेळी कुठून येणार? भाड्याच्या खोल्यांतल्या लोकांना तर निरोपही गेला नाही. ओला कचरा घरीच जिरवा, हे आम्हाला सोपे. भाजीचे देठ, केळीची पाने, नारळाची सोडणे, आमचे सगळे माडाच्या आळ्यात जाते. एका खोलीत चौघे राहतात, त्यांनी बांगडा माशांची डोकी कुठे पुरायची? पावसात तर दुसऱ्या दिवशी अळ्या होतात. जे आले, त्यांनीही ‘हो, करू’ म्हटले ते मनापासूनच. पण रात्री दमून आल्यावर, दारात जागा नसताना, तो होकार टिकत नाही.

लोकांना सोबत घेऊन आराखडा करण्याची ही रीत १९७० च्या दशकात नॉर्वे-स्वीडनमधल्या कामगार संघटनांकडून आली. कामावर संगणक येत होते. ते कसे यावेत यात कामगारांचा शब्द चालावा, ही त्यांची मागणी होती. म्हणजे मुळात हा अधिकाराचा प्रश्न. आमच्याकडे एका बाईने सुचवले, सुक्या कचऱ्याची गाडी दहाऐवजी सातला आणा, म्हणजे कामावर जाण्याआधी कचरा देता येईल. उत्तर मिळाले, “कंत्राटात बसत नाही.” त्यानंतर ती बैठकीला आली नाही.

घरातच कचरा वेगळा करणे २०१६ च्या केंद्रीय नियमांनी बंधनकारक झाले आणि ते मला पूर्ण मान्य आहे. मग तेवढे आमच्या हातात नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे आणि गाडीची वेळ, खोल्यांजवळ ओल्या कचऱ्याचा सामाईक खड्डा, हे तरी खरोखर लोकांवर सोपवावे. चवथीआधी एक बैठक रात्री आठला त्या खोल्यांच्या अंगणात घ्या. ठरेल ते महिनाभर करून पाहा आणि जे जमले नाही ते बदलायला पुन्हा तिथेच या. मी येईन.

— एक गृहिणी, डिचोली