बाहेर उघडणारं दार

ती. बाबा आणि ती. आईस,

शि. सा. नमस्कार.

हे सांगायला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा इकडचंतिकडचं बोलून ठेवून दिला. म्हणून पत्र. बाबा, आईच्या डोळ्यांना ताण नको, तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा. पण मधलं काही गाळू नका. तुम्ही गाळता, मला माहीत आहे.

काल मी फ्लॅटच्या करारावर सही केली. तुमच्या दोघांसाठी, आणि तुम्हाला न विचारता. दादाशी आधी बोलले होते, त्याचा होकार आहे. तरी निर्णय माझा आहे, राग आला तर माझ्यावर काढा, त्याच्यावर नको. आधी एवढं ऐका: आपलं घर विकायचं नाहीये, ते भाड्यानेही द्यायचं नाहीये. किल्ली बाबांच्या खिशातच राहील. करार एका वर्षाचा आहे. वर्षानंतर तुम्ही म्हणालात की परत जायचं, तर मी स्वतः सामान बांधून देईन.

आई, तू आता म्हणशील की एवढी घाई कशाला, आमचं नीट चाललंय. फेब्रुवारीतली ती रात्रसुद्धा नीटच होती ना तुझ्या लेखी? नऊ दिवस मला रोज फोनवर "सगळं ठीक" सांगत होतीस. दहाव्या दिवशी शेजारच्या काकूंनी सांगितलं. बाबा पडले याचं दुःख वेगळं. मला झोप लागत नाही ती त्या बाथरूमच्या दाराच्या विचाराने. बाबा आत दाराला लागूनच पडलेले, दार आत उघडणारं, आणि तू बाहेरून अंगातलं सगळं बळ लावून ढकलतेयस. जेवढं ढकलशील तेवढं ते त्यांच्याच अंगावर. शेवटी त्यांनीच कसंबसं सरकून जागा केली. तेवढा वेळ तू काय केलंस, हे मला अजून विचारता आलेलं नाही.

त्यानंतर मी जितके फ्लॅट बघितले, तिथे सगळ्यांत आधी बाथरूमचं दार बघितलं. दलाल हॉल दाखवायला न्यायचे आणि मी थेट आत. बहुतेक ठिकाणी दार आतच उघडतं. या फ्लॅटमध्येही तसंच होतं. मालकांना म्हटलं, दार फिरवून द्या, तरच सही. आता ते बाहेर उघडतं, आणि कडी बाहेरून नाण्याने फिरवता येते. कमोडशेजारी आणि नळाजवळ धरायचे दांडे बसवलेत. रबराच्या टोपीने फरशीला चिकटणारे नाहीत, भिंतीत खोल खिळवलेले. मी स्वतः सगळं वजन टाकून लोंबकळून बघितलंय. फरशी खरखरीत आहे. रात्री उठलात की पाऊल टाकताच जमिनीलगतचा दिवा आपोआप लागतो. अंधारात बटण चाचपायचं नाही.

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. तळमजला मुद्दाम टाळला: ओल, आणि खिडकीत सतत येणाऱ्या-जाणाऱ्यांची डोकी. सातवा मिळत होता, उजेड भरपूर, पण लिफ्ट बंद पडली तर? दुसऱ्या मजल्याला छत्तीस पायऱ्या आहेत, मध्ये तीन ठिकाणी थांबायला जागा, दोन्ही बाजूंनी कठडा. बाबांच्या गुडघ्यांनी त्या रोज चढू नयेत, पण अडलंच तर बसत-उठत चढता येतील. खोलीतून समोरच्या झाडाचा शेंडा अगदी हाताशी दिसतो. आपल्याकडे झाड खालून बघायची सवय, इथे पाखरं आपल्या बरोबरीने बसतात. आई, तुझी खुर्ची तिथेच ठेवायची.

आता लिफ्ट. बाबा, ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकलात त्या दोन तासांनंतर तुम्ही कधीच लिफ्टमध्ये पाऊल टाकलं नाहीत, हे मी विसरलेले नाही. यंत्र समजल्याशिवाय तुमचा त्यावर भरवसा बसत नाही, म्हणून देखभालीला येणाऱ्या तंत्रज्ञाला गाठलं आणि तासभर प्रश्न विचारले. पाळणा, म्हणजे आपण उभे राहतो ती लिफ्टची पेटी, एका दोरावर नसतो, पोलादी दोर अनेक असतात, आणि एकेक दोर गरजेपेक्षा कितीतरी जास्त वजन पेलणारा. दुसऱ्या टोकाला तोलाचं वजन असतं. वेग ठरल्याहून वाढलाच तर गतिनियंत्रक पाळण्याखालचे जबडे ओढतो आणि ते दोन्ही बाजूंच्या रुळांना घट्ट पकडतात. या कल्पनेचं मूळ जुनं आहे. एलिशा ओटिस नावाच्या माणसाने 1854 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः पाळण्यावर उभं राहून सगळ्यांसमोर दोर कापायला लावला होता. पाळणा जेमतेम काही इंच उतरला आणि जागीच थांबला. हे वाचलं तेव्हा तुमचीच आठवण आली. तुम्हीही माझ्या सायकलचे ब्रेक आधी स्वतः उतारावर तपासून मगच मला बसू दिलं होतंत.

पण तुमची भीती पडण्याची नाही, अडकण्याची आहे. तेही विचारलं. वीज गेली तर या लिफ्टला बॅटरी आहे. ती पाळणा हळूहळू जवळच्या मजल्यावर नेते आणि दार उघडते. मी त्याला वीज बंद करायला लावली आणि आत उभी राहिले. दिवा लागलेलाच राहिला, थोड्या वेळात दार उघडलं. पहिले आठ दिवस मी तुमच्यासोबत वर-खाली करेन. फक्त आग लागली तर लिफ्टकडे वळायचंसुद्धा नाही, जिनाच. हे दोघांनी पाठ करून ठेवा.

जागेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हिने आपल्याला नेऊन डब्यात बंद केलं असं तुमच्या मनात येईल, आणि ते मला सहन होणार नाही.

बाबा, तुम्ही स्कूटर सोडलीत त्याला दोन वर्षं झाली. त्या दिवसापासून तुम्ही स्वतःच्या मनाने कुठे गेलात? वाचनालयाला कोणी सोडायला हवं, दवाखान्याला कोणी न्यायला हवं, केस कापायलासुद्धा काकांच्या मुलाची सवड बघायची. अंगण मोठं आहे खरं, पण फाटकाच्या पुढे तुमचं असं काही उरलेलं नाही. हे लिहिताना हात अडखळतोय. तुम्हाला लागावं म्हणून लिहीत नाही. ज्यांनी मला एकटीने प्रवास करायला शिकवलं, त्यांना दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत ओट्यावर बसलेलं मला बघवत नाही.

हे उपनगर जुनं आहे, शहराला अगदी चिकटलेलं. मोटारी फार नव्हत्या तेव्हाची वस्ती, त्यामुळे सगळं चालत्या माणसाच्या अंतरावर. मी बाबांच्या चालीने, मध्ये थांबत थांबत, प्रत्येक वाट चालून बघितली. औषधांचं दुकान चार मिनिटं, वाचनालय सहा, बाग आठ. बसचा थांबा फाटकातून दिसतो. बस खालच्या पायरीची आहे, चढताना गुडघा उचलावा लागत नाही. रेल्वे स्थानक माझ्या चालीने सात मिनिटं, तुमच्या चालीने बारा धरा. तिथेही लिफ्ट आहे. दर शंभरेक पावलांवर बसायला बाक किंवा कट्टा आहे का, तेही मोजलं. एका वाटेवर नाही, म्हणून ती वाट टाळायची.

एकच मोठा रस्ता ओलांडायचा आहे. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असं पुष्कळ ठिकाणी धरतात. ती तरण्या पायांची चाल झाली, तुमची त्याहून कमी आहे. इथे मध्ये दुभाजकावर उभं राहायला रुंद जागा आहे. अर्धा रस्ता एका सिग्नलला, अर्धा दुसऱ्याला. हिरवा आकडा कमी होताना दिसला तर पाऊल टाकायचं नाही. बाबा, हे तुमच्यासाठी. आई थांबते, तुम्ही थांबत नाही.

दवाखान्याचं एकदाच लिहिते. बाबांचा रक्तदाब तुम्हाला माहीत आहे. मेंदूत गुठळी अडकली तर ती विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. त्याआधी मेंदूचा स्कॅन हवा. घरून गाडी मिळवून स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो, ते मामांच्या वेळी आपण पाहिलं. इथून अकरा मिनिटं. झालं, पुढे नाही लिहीत.

सगळं चांगलंच आहे असं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. अंगण नाही. आकाश दिसतं ते दोन इमारतींच्या मधलं. वरच्या घरात खुर्ची सरकवली की आपल्या छतात आवाज उमटतो. तो हवेतून नाही, स्लॅबमधून येतो, त्यामुळे खिडकी लावून काही होत नाही. वरच्या बाईंना भेटून आले, त्यांनी माझ्यासमोरच खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे लावले. रस्त्याच्या आवाजाचं मात्र करण्यासारखं होतं. झोपायची खोली मागच्या बाजूला घेतली. जागतिक आरोग्य संघटना झोपण्याच्या खोलीत 30 डेसिबलच्या आत आवाज असावा म्हणते. मी रात्री अकराला खिडकी लावून फोनवर मोजला तर 36 भरला. मग खिडकीच्या चौकटीच्या फटी रबराच्या पट्टीने बुजवून घेतल्या, आता 32 दाखवतो. फोनचं माप काही अगदी नेमकं नसतं, पण मी तिथे दोन रात्री झोपून बघितलं. पहिल्या रात्री जाग आली, दुसऱ्या रात्री नाही.

दारं बंद असतात, हेही खरं. आपल्यासारखं कोणी हाक मारत आत येणार नाही. पण खाली संध्याकाळी बाकांवर तुमच्या वयाची सात-आठ माणसं बसलेली असतात. मी तीन दिवस मुद्दाम जाऊन बसले. एक आजोबा बुद्धिबळाचा पट घेऊन येतात आणि त्यांना जोडीदार नाही. बाबा, मी त्यांना काहीच कबूल केलेलं नाही. फक्त म्हटलं, बघू.

आई, तुझ्या शिलाई मशीनची जागा ठरली आहे. पूर्वेच्या खिडकीखाली, म्हणजे सकाळचा उजेड डाव्या हाताने येईल. माझे सगळे फ्रॉक तू खाली चार बोटं दुमड ठेवून शिवायचीस. पोरगी वाढते आहे, म्हणायचीस. दर वर्षी एक दुमड उसवायची आणि तिथला रंग बाकीच्या फ्रॉकपेक्षा गडद, नवाकोरा. मला त्या पट्टीची लाज वाटायची तेव्हा. आता वाटतं, माझ्या वाढीची इतकी खात्री पुन्हा कोणाला वाटली नाही. या घरातही मी तशी दुमड ठेवली आहे: दुसरी खोली रिकामी आहे, काही भरलेलं नाही. तुझ्या वस्तू, बाबांची पुस्तकं, किंवा उद्या रात्रीला कोणी सोबत लागलं तर तिची खाट. सगळ्या दारांतून चाकांची खुर्ची जाते, हेही बघून ठेवलंय. लागेल म्हणून नाही. तूच शिकवलंस.

आता सांगते ते निमूट ऐकायचं. माळ्यावर कोणीही चढायचं नाही, ती ट्रंक मी आल्यावर काढेन. औषधांच्या नावांची यादी मोठ्या अक्षरात दोन प्रतींत लिहा, एक बाबांच्या पाकिटात. जुन्या गोळ्या "अजून चालतील" म्हणून बांधायच्या नाहीत. मागे पट्टा असलेल्या, रबरी तळाच्या चपला आजच आणा, सपाता बंद. सोफा येणार नाही, तो लिफ्टमध्ये मावत नाही, खुर्ची येईल. आई, कुंड्यांपैकी सहा निवड, बाकीच्या काकू सांभाळायला तयार आहेत. आणि कोणी विचारलं तर "मुलीने नेलं" म्हणू नका. आम्ही जातोय म्हणा.

बाबा, क्लास सुटायला रात्र व्हायची तेव्हा तुम्ही कोपऱ्यावर बॅटरी घेऊन उभे असायचात. बस वळली की ती दोनदा लावायचात, म्हणजे मला खिडकीतून कळावं. मी कधी सांगितलं नाही, पण वळणाच्या आधीपासून मी त्याच बाजूच्या खिडकीला बसलेली असायची. माझ्या घरापासून तुमचा फ्लॅट चालत नऊ मिनिटांवर आहे. ऑफिसातून येताना माझी बस तुमच्या खिडकीखालून जाते, साडेसातच्या सुमाराला. बॅटरी ट्रंकेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

शनिवारी येते. तोवर मशीनची लांबी टेपने मोजून फोनवर सांगा. खिडकीखालची भिंत साडेतीन फूटच आहे, आणि मशीन तिथेच बसलं पाहिजे.

तुमची,
छकू

ता. क. बाबा, मोजताना वाकू नका. टेपचं एक टोक आईला धरायला सांगा.