मंत्रीसाहेब, आमचे तास मोजता तशी आमची तयारी पण एकदा बघा

मा. केंद्रीय युवक व्यवहार व क्रीडा मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

साहेब, नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातली. २०१८ ते २०२० अशी दोन वर्षं कॉलेजमध्ये एनएसएसला होते, कॉलेजच्या मुलांनी समाजसेवा करायची ही सरकारी योजना, कागदावर राष्ट्रीय सेवा योजना किंवा रासेयो लिहितात पण बोलताना सगळे एनएसएसच म्हणतात. आता नोकरी करते. मागच्या आठवड्यात आमच्या पीओ सरांनी, म्हणजे एनएसएस बघणाऱ्या प्राध्यापकांनी, नवीन मुलांशी बोलायला बोलावलं होतं म्हणून खूप दिवसांनी कॉलेजात गेले, आणि तिथून आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, पुरात उतरणाऱ्या ह्या मुलांच्या तयारीची. ती तुमच्याच खात्याची आहे म्हणून तुम्हालाच लिहितेय.

आधी २०१९ च्या ऑगस्टचं सांगते. त्या वर्षी पंचगंगेचं पाणी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४३ फूट आहे, म्हणजे विचार करा. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे कितीतरी दिवस बंद, गाड्यांच्या रांगा, पेट्रोल नाही, दूध नाही. पाणी उतरायला लागल्यावर एका रात्री आमच्या ग्रुपवर सरांचा मेसेज आला, उद्या सकाळी सातला गेटवर या, जुने कपडे घाला, डबा आणि पाण्याची बाटली आणा, घरच्यांना विचारून या. एवढाच मेसेज. सकाळी आम्ही ४३ जण होतो, त्यात १९ मुली. माझ्या आईनं रात्रभर नको नको केलं आणि पहाटे उठून स्वतःच भाकरी बांधून दिली.

टेम्पोनं आम्हाला शिरोळ तालुक्यातल्या एका गावात नेलं, पंचगंगा कृष्णेला मिळते तो पट्टा. गावाच्या अलीकडंच वास सुरू झाला, भिजून कुजलेल्या धान्याचा आणि मेलेल्या जनावरांचा, तो वास मला आजही पावसाळ्यात मधेच आल्यासारखा वाटतो. भिंतींवर पाण्याची रेघ होती, माझ्या डोक्याच्याही वर. घरात गुडघ्याच्या खाली चिखल, वरून साय धरल्यासारखा वाळलेला आणि आतून लोण्यासारखा मऊ, फावड्यानं उचलला की निम्मा परत घसरून खाली. आणि फावडी होती अकरा. ४३ जणांत अकरा फावडी, सात-आठ घमेली, थोडे खराटे. बाकीच्यांनी मग डब्यांची झाकणं घेतली, फुटक्या बादल्या घेतल्या, मी पहिला अख्खा दिवस एका ॲल्युमिनियमच्या ताटलीनं चिखल ओढत होते. चप्पल चिखलात रुतून बसायची, मग ती काढून ठेवायची आणि अनवाणीच काम करायचं. गमबूट कुणाकडंच नव्हते, हातमोजे नव्हते, तोंडाला आपापल्या ओढण्या आणि रुमाल.

एका घरात एक आजी एकट्याच होत्या. त्यांची पत्र्याची पेटी आम्ही दोघींनी कशीबशी बाहेर अंगणात ओढली, उघडली तर आत चिखलाचं पाणी, त्यात लग्नातलं हिरवं लुगडं, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक आणि आजोबांचा फ्रेममधला फोटो काचेला चिकटून बसलेला. आजी म्हणाल्या, बाळा फोटो ओढू नको, फाटंल, कार्ड तेवढं वाळव, कार्ड नसलं तर कोण मला ओळखणार. ते रेशन कार्ड मी पान पान सुटं करून उन्हात पत्र्यावर ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून एकेका पानावर खडा ठेवला आणि तासभर तिथंच बसून राहिले. बाकीचे चिखल काढत होते आणि मी पानं उलटत होते. दोन वर्षांत केलेल्या सगळ्या कामांत मला हेच काम सगळ्यात मोठं वाटतं. जाताना आजींनी मदतीत आलेला बिस्किटाचा पुडा आमच्या हातात कोंबला, आम्ही नको म्हणत होतो तरी ऐकेनात.

तिसऱ्या दिवशी माझ्या मैत्रिणीच्या तळपायात काच घुसली. चिखलात दिसली नाही. सरांनी तिला त्यांच्याच मोटरसायकलवर मागं बसवून दवाखान्यात नेलं, चार टाके पडले, टीटीचं इंजेक्शन झालं, बिल सरांनी खिशातून भरलं. तिच्या वडलांना फोन करताना सरांचा आवाज कापत होता हे मी शेजारी उभी राहून ऐकलंय. तिचा कसला विमा नव्हता. लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्या आम्ही घ्यायला पाहिजेत हेसुद्धा आम्हाला तिसऱ्याच दिवशी कळलं, गावातल्या आशाताई गावकऱ्यांना गोळ्या वाटत होत्या, त्यांनीच आमचे पाय बघितले आणि म्हणाल्या, तुम्ही काय घेतलंय का नाही पोरींनो?

सहा दिवस गेलो आम्ही. डायरीत रोजचे आठ म्हणजे ४८ तास लागले.

साहेब, एनएसएसमध्ये वर्षाला १२० आणि दोन वर्षांत २४० तास भरावे लागतात हे तुम्हाला माहितीच आहे. त्या तासांचा हिशेब फार चोख असतो. डायरी, सही, शिक्का, फोटो, आता तर तरुणांसाठीचं सरकारी माय भारत पोर्टल पण आलंय. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही, नोंद पाहिजेच. पण ४३ मुलं पुराच्या चिखलात उतरायच्या आधी त्यांच्या पायात काय आहे, त्यांना कुणी काय शिकवलंय, काही झालं तर पैसे कोण भरणार, ह्याची नोंद कुठल्या रकान्यात होते? माझ्या डायरीत तसा रकानाच नव्हता.

दुसरं आमच्या कॅम्पचं. जानेवारी २०२० मध्ये दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर झालं, ५० मुलं-मुली, मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. तेव्हा कॅम्पला माणशी ४५० रुपये मिळायचे. सातानं भागा साहेब, दिवसाला ६४ रुपये पडतात, त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता, दोनदा चहा, आणि वर मंडप, माईक, प्रवास. आणि ते २२,५०० रुपये सुद्धा कॅम्पच्या आधी हातात नव्हते. सरांनी किराणा स्वतःच्या नावावर उधार आणला, भाजी आणि दूध गावकऱ्यांनी दिलं, एका काकूंनी तर रोज संध्याकाळी पिठलं करून पाठवलं. पैसे सगळा कॅम्प उरकून कितीतरी दिवसांनी आले. नंतर दर वाढलेत असं ऐकलं, चांगलंच आहे, पण वाढलेले पैसे पण मागूनच येत असतील तर सरांची उधारी तेवढी वाढणार.

मुलींसाठी शाळेत दोन संडास होते, एकात सरपण भरून कुलूप. २२ मुली आणि एक संडास. पहाटे चारला उठून नंबर लावायचो, आणि कितीजणी दिवसभर पाणीच कमी प्यायच्या ते मी सांगायला नको. तिसऱ्या दिवशी गावातल्या बचत गटाच्या बायकांनी भांडून ते कुलूप उघडून घेतलं. नंतरच्या कॅम्पला आमच्या कॉलेजातल्या दोन मुलींना घरून पाठवलं नाही ते ह्याच गोष्टीमुळं.

आणि तरीसुद्धा तो आठवडा माझ्या आयुष्यातला फार भारी आठवडा होता, हे पण मनापासून सांगते. आम्ही ओढ्यावर वनराई बंधारा घातला, सिमेंटची रिकामी पोती वाळूमातीनं भरून, तोंड शिवून, रांगेत उभं राहून एका हातातून दुसऱ्या हातात. संध्याकाळपर्यंत पोटरीएवढं पाणी साठलं, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभातफेरीला निघालो तर एक बाई तिथं धुणं धूत होत्या आणि शेजारी त्यांची म्हैस पाण्यात बसलेली. आम्ही सगळे नुसते बघत उभे राहिलो. माझा स्टेजवर बोलायचा धीर बौद्धिकाच्या सत्रात आभार मानताना आला, कुठल्या जातीची कोण हे न विचारता एका ताटात जेवायची सवय तिथंच लागली. एनएसएस नसतं तर मी शिरोळच्या त्या घरात कधीच गेले नसते. म्हणूनच एवढं जीव तोडून लिहितेय, योजना वाईट असती तर कशाला लिहिलं असतं.

२४ सप्टेंबर १९६९ ला गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ही योजना ३७ विद्यापीठांत ४०,००० मुलांना घेऊन सुरू झाली असं आम्हाला पहिल्याच दिवशी पाठ करून घेतलं होतं. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक आहे, त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, स्वयंसेवक चोवीस तास तयार. तयार, हाच शब्द आहे. मग आम्हाला तयार करा ना साहेब.

युवा आपदा मित्र योजनेत एनसीसीसोबत एनएसएसच्या मुलांनाही आपत्तीत मदत करायचं प्रशिक्षण देणार हे वाचलं तेव्हा खरंच बरं वाटलं. पण ते आमच्यासारख्या पूरपट्ट्यातल्या प्रत्येक युनिटपर्यंत पोचू द्या, निवडक दोन-चार मुलांवर थांबवू नका, कारण पाणी आलं की सरांचा मेसेज सगळ्या ग्रुपला जातो आणि येतात पण सगळेच. २०१९ नंतर २०२१ च्या जुलैत परत पूर आला, पुन्हा मुलं गेली. युनिटला गमबूट, हातमोजे, प्रथमोपचाराची पेटी आणि पुरेशी अवजारं कायमची द्या, एकदा दिली की दहा बॅच वापरतील. नाव नोंदवलं त्या दिवसापासून प्रत्येक स्वयंसेवकाचा अपघात विमा काढा. कॅम्पचे पैसे कॅम्पच्या आधी द्या, निदान निम्मे तरी. आणि मुलींसाठी वापरण्यासारखे संडास कुणीतरी स्वतः जाऊन बघितल्याशिवाय कुठल्याही शिबिराला परवानगी देऊ नका.

मागच्या आठवड्यात नवीन मुलांशी बोलून झाल्यावर सरांनी सामानाची खोली उघडून दाखवली. २०१९ ची अकरा फावडी भिंतीला लावून ठेवलेली आहेत, दोनाचे दांडे बदललेत. गमबूट अजून एकही नाही. ह्या वर्षीच्या बॅचमध्ये शंभर मुलं आहेत आणि त्यातल्या एका मुलीनं मला विचारलं, ताई, पुरात जाताना काय घालून जायचं? मी तिला खरं ते सांगितलं, घरून जुने बूट आण, चप्पल नको.

आपली,
एक माजी स्वयंसेविका, कोल्हापूर जिल्हा